वशिंडाचा डॉल्फिन

वाचकहो, शेती व आरोग्याच्या या पानावर आजवर आपण भात, काजू, गुरांची लाळ-खुरकूत, लहान मुलांचे जंत असे विषय घेतले. आज समुद्रातल्या एका प्राण्याविषयी लिहीत आहे. "फादर, आपल्या डोंगरात समुद्र कुठून आणलात?" असे कोणी विचारील. समुद्र मी आणलेला नाही. आपल्याच शिवारातले पाणी तिकडे जाते, आणि त्याच्याबरोबर काय काय जाते ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पण आधी त्या प्राण्याची ओळख करून घेऊ.

२०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा झाला. आपल्या धर्मग्रामातूनही बसगाड्या गेल्या. दर्शन व मिस्सा आटोपल्यावर तरुण मंडळींनी हट्ट धरला की मांडवीच्या मुखाशी जाऊन होडीतून डॉल्फिन पाहायचेच. गेलो. अर्ध्या तासाने पाण्यावर करड्या रंगाची एक पाठ वर आली, कमान करून पुन्हा खाली गेली, आणि सगळी होडी एका बाजूला झुकली. माझ्याशेजारी आपल्याकडचे एक वयस्क शेतकरी बसले होते. जन्मभर बैलजोडी राखलेला माणूस. ते म्हणाले, "फादर, ह्येला वशिंड हाय की!"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण म्हातारबाबांनी जे एका नजरेत ओळखले, तेच विद्वानांनी त्या प्राण्याच्या नावात घातले आहे. इंग्रजीत त्याला 'हम्पबॅक डॉल्फिन' म्हणतात, म्हणजे वशिंडाचा डॉल्फिन. कोकणच्या किनाऱ्यावरचे कोळी-गाबीत बांधव त्याला 'गादा' म्हणतात.

मासा की जनावर?

परतीच्या बसमध्ये पहिला प्रश्न एका मुलीने विचारला, "फादर, तो मासा होता की जनावर?" युरोपात मध्ययुगात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, पण व्हेल आणि डॉल्फिनचे भाऊबंद पाण्यात राहतात म्हणून त्यांना माशांत धरून ताटात वाढत असत. पोटाला जे सोयीचे, ते मनुष्य फार लवकर शास्त्रात बसवतो. पण गोठा सांभाळणाऱ्या माणसाने थोडे निरखून पाहिले तर त्याला हा घोटाळा होणार नाही.

माशाला कल्ले असतात, तो पाण्यातच श्वास घेतो. गाद्याला फुप्फुसे आहेत. त्याचे नाक तोंडाच्या वर नसून डोक्याच्या माथ्यावर आहे. एकच भोक, आणि त्याला घट्ट मिटणारी झडप. पाण्याखाली जाताना झडप मिटते, वर येताच उघडते आणि फुसकन आवाज होऊन शिळा श्वास बाहेर पडतो. साधारणपणे तो मिनिटाभराच्या आत वर येतो, फार तर काही मिनिटे खाली राहू शकतो. जाळ्यात अडकला तर तो आपल्यासारखाच गुदमरून मरतो, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. आपण झोपेत श्वास घेतो तो आपोआप, डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. म्हणून झोपताना त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग निजतो आणि दुसरा जागा राहतो. शेतावर राखणीला दोन भावांनी पाळी लावावी तसे.

दुसरी खूण शेपटीची. माशाची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते. गाद्याची शेपटी आडवी, सुपासारखी पसरलेली, आणि ती वर-खाली हलते. धावणारे कुत्रे किंवा उधळलेले वासरू पाहा, त्याचा कणा वर-खालीच वाकतो. गाद्याने पाय टाकले, पण धावण्याची ती चाल कण्यात ठेवली.

त्याचे रक्त आपल्यासारखे गरम, आणि ऊब राखायला कातडीखाली चरबीचा जाड थर. त्याच्या छातीजवळच्या दोन वल्ह्यांची कातडी सोलली तर आत बोटांची हाडे मिळतात, हातमोज्यात हात असावा तशी. मागचे पाय नाहीत, पण पोटाच्या मागच्या भागात मांसामध्ये दोन लहानशी हाडे सुटी राहिली आहेत. घर पडले तरी चौथरा राहावा, तशी ती कमरेच्या हाडांची निशाणी आहे. पोटही आपल्या गाईगुरांसारखे अनेक खणांचे, मात्र तो रवंथ करीत नाही.

गाईशी त्याचे नाते नुसते उपमेपुरते नाही. जम्मू-काश्मीरमधील राजौरी भागातल्या कालाकोट येथील खडकांत, मांजरापेक्षा थोड्या मोठ्या अशा एका खुरवाल्या प्राण्याची सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची हाडे मिळाली. ते दगड भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले होते, आणि २००७ साली हान्स थेविसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'इंडोहायस' नावाच्या त्या प्राण्याच्या कानाचे हाड व्हेल-डॉल्फिनच्या कानासारखे निघाले. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत डॉल्फिनचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा, आणि पाणघोडा हा गाय, शेळी, डुक्कर यांच्याच खुरवाल्या गोतातला. म्हणजे म्हातारबाबांचे वशिंड अगदीच वाया गेले नाही.

आता दुधाचे सांगतो. गादी (मादीला मी असे म्हणतो, शब्दकोशात शोधू नये) दहा ते बारा महिने गाभण राहते व एकच पिल्लू देते. गाईचे वासरू पुढच्या पायांनी येते, डॉल्फिनचे पिल्लू बहुधा शेपटीकडून येते. जन्मतः ते सुमारे एक मीटर लांब व १४ किलोच्या आसपास वजनाचे, म्हणजे आपल्या देशी वासराहूनही हलके. आईची कास बाहेर लोंबत नाही. पोटाखाली दोन चिरांत सड लपलेले असतात. पिल्लाने तोंड लावले की आई स्नायू आवळून दूध त्याच्या तोंडात सोडते, नाहीतर समुद्रात दूध पिणार कसे! हे दूध म्हशीच्या दुधापेक्षाही कितीतरी अधिक स्निग्ध असते. दोन वर्षांपर्यंत पिल्लू अंगावर पिऊ शकते. स्निग्ध दुधाची ही गोष्टही पुढे कामाची आहे.

बांधा, रंग आणि नाव

पूर्ण वाढलेला गादा आठ ते नऊ फूट लांब, वजन अडीचशे किलोच्या घरात. नर मादीपेक्षा थोराड. तोंड लांब व निमुळते, चोचीसारखे. त्या चोचीत वरच्या-खालच्या जबड्यांच्या प्रत्येक बाजूस तीसपेक्षा जास्त दात, सगळे एकसारखे, खुंट्यांसारखे. ते चावायचे नाहीत, निसटता मासा धरून ठेवायचे आहेत. मासा तो सबंध गिळतो.

पाठीच्या मधोमध ते वशिंड. पण बैलाचे वशिंड उंच व आखूड, ह्याचे लांबट. शरीराच्या लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते व्यापते, आणि त्याच्या माथ्यावर लहानसा त्रिकोणी पर बसवलेला असतो. दुसऱ्या एखाद्या डॉल्फिनचा उंच, कोयत्यासारखा मागे वळलेला पर दिसला आणि खाली वशिंड नसले तर तो गादा नव्हे. किनाऱ्याजवळ आणखी एक लहान प्राणी दिसतो. डोके गोल, चोच नाही, पाठीवर परही नाही, लांबी पाच फुटांच्या आसपास. मालवणकडचे मच्छीमार त्याला 'बुलगा' म्हणतात. तो डॉल्फिनचा चुलतभाऊ, पण कुळी वेगळी.

रंग शिशासारखा करडा, पोटाकडे फिका. वय वाढते तसे वशिंडावर व परावर पांढरे चट्टे आणि ओरखडे उमटतात. परांच्या कडांना पडलेल्या खाचाही प्रत्येकाच्या निराळ्या. गुरांच्या कानाला बिल्ला लावून आपण जनावर ओळखतो, तसे अभ्यासक या खाचांची छायाचित्रे काढून एकेका गाद्याला वर्षानुवर्षे ओळखतात.

शास्त्रीय नाव सूसा प्लंबेआ. सेमिनरीत गिरवलेल्या मोडक्यातोडक्या लॅटिनचा मला येथे उपयोग झाला: 'प्लंबुम' म्हणजे शिसे, 'प्लंबेआ' म्हणजे शिशाच्या रंगाची. हे नाव फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए या पंडिताने १८२९ साली दिले, आणि त्यासाठी त्याच्यापुढे जो नमुना होता तो आपल्याच मलबार किनाऱ्यावरचा. त्याच्याही आधी, १७५१ साली, चीनच्या कँटन नदीत असेच पण पांढऱ्या रंगाचे डॉल्फिन पेहर ओसबेक नावाच्या स्वीडिश माणसाने पाहून नोंदले. हा ओसबेक व्यापारी जहाजावरचा धर्मोपदेशक होता आणि प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. जहाजावर उपदेश करून उरलेल्या वेळात त्याने झाडे, पक्षी आणि मासे लिहून काढले. पाद्री लोकांनी प्रवचन सोडून भलत्याच गोष्टीत लक्ष घालावे का, असे मला कोणी विचारले तर मी त्याचे नाव सांगतो.

चीनकडचे हे डॉल्फिन जन्मतः काळसर असतात आणि वयाबरोबर पांढरे-गुलाबी होतात. बरीच वर्षे आपला करडा गादा आणि तो गुलाबी एकच समजत. २०१४ साली जेफरसन व रोझेनबाम या दोघांनी हाडे, रंग व अनुवंशाचे पुरावे एकत्र मांडून वशिंडाच्या डॉल्फिनांच्या चार जाती ठरवल्या: आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा एक, हिंदी महासागराचा आपला गादा, चीन व आग्नेय आशियाचा तिसरा आणि ऑस्ट्रेलियाचा चौथा.

येथे ग्वाल्हेरकडे नातलग असलेल्या वाचकांसाठी एक खुलासा. तिकडे चंबळ नदीत जो डॉल्फिन दिसतो तो गंगेच्या खोऱ्यातला, गोड्या पाण्याचा, जवळजवळ आंधळा. त्याचे घराणेच निराळे. त्याला आपल्या देशाचा राष्ट्रीय जलचर म्हणून मान आहे. आपल्या गाद्याला तसा मान नाही, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचेही नाव आहे. म्हणजे त्याला मारणे, पकडणे किंवा त्याचे मांस विकणे हा वाघ मारण्यासारखाच गुन्हा आहे.

अरुंद पट्टीवरचे घर

नकाशा पाहिला तर गाद्याचे राज्य फार मोठे वाटते. दक्षिण आफ्रिकेपासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर, मादागास्कर, तांबडा समुद्र, अरबस्तान, इराणचे आखात, पाकिस्तान, कच्छ, आणि तेथून खाली कोकण, गोवा, कारवार, मलबार असे करीत भारताच्या टोकापर्यंत. पण हा झाला लांबीचा हिशेब. रुंदीचे पाहाल तर चकित व्हाल. हा प्राणी खोल समुद्रात जात नाही. सहसा २५ मीटरपेक्षा कमी पाण्यात, म्हणजे तेरा-चौदा पुरुष खोलीच्या आत, आणि जमिनीपासून काही थोड्याच किलोमीटरांत तो राहतो. नदीची मुखे, खाड्या, खारफुटीच्या कडा, खडकाळ उथळ जागा त्याला आवडतात. हजारो किलोमीटर लांब आणि एका गावच्या शिवाराएवढी रुंद अशी ही पट्टी आहे. शेताच्या बांधावर घर करून राहणाऱ्यासारखी त्याची स्थिती. बांधाच्या एका अंगाला खोल समुद्र, दुसऱ्या अंगाला आपण.

आपण म्हणजे बंदरे, हॉटेले, कारखाने, मासेमारी आणि गटारे. माणसाला समुद्राचा जो भाग सर्वांत सोयीचा, नेमका तोच त्याचा सगळा संसार. देवमाशाला त्रास झाला तर तो दहा मैल पलीकडे जाईल. गाद्याला पलीकडे घर नाही.

नदीच्या मुखाशी तो का घुटमळतो? कारण पावसाळ्यात घाटावरून येणारे पाणी गाळ आणि पालापाचोळ्याचा कस घेऊन येते. खाडीत गोडे-खारे मिसळते, तेथे डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक जीव, त्यांवर मासळी. शेवटे, तारले अशी किनाऱ्यालगतची मासळी हा त्याचा आहार. शेणखत टाकलेल्या वाफ्यात जशी भाजी जोमाने येते तसेच हे.

पण गढूळ खाडीत हाताला हात दिसत नाही, तेथे हा मासे कसे शोधतो? कानाने. नाकपुडीखालच्या पोकळ्यांतून तो 'टिक्-टिक्' असे अतिशय बारीक, आपल्याला ऐकू न येणारे आवाज काढतो. कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून ते एका दिशेने पुढे जातात, माशाला लागून परत येतात, आणि खालच्या जबड्यातल्या चरबीवाटे आतल्या कानाला पोचतात. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनीवरून पाणी किती खोल याचा अंदाज येतो ना? तसेच, पण इतके नेमके की मासा कोठे आहे आणि कोणीकडे पळतो आहे हेही त्याला कळते. अशा प्राण्याच्या डोक्यावर दिवसभर यंत्राच्या होड्या घरघरत राहिल्या तर त्याला किती त्रास होत असेल! आम्ही ज्या होडीत बसलो होतो ती आणि आणखी चार होड्या मिळून एका मादीच्या व तिच्या पिल्लाच्या मागे लागल्या. होडीवाल्याला आम्हीच 'जवळ घे, जवळ घे' म्हणत होतो. हा डॉल्फिन होडीपुढे नाचणाऱ्यांपैकी नाही, तो लाजरा आहे. मादी तीनदा वर आली, दर वेळी आधीपेक्षा दूर, आणि मग दिसलीच नाही. पैसे देऊन मी केलेल्या कामांपैकी हे एक मला आवडले नाही.

त्यांचे कळप आपल्याकडे बहुधा लहान, दहाच्या आतबाहेर. ओमानच्या किनाऱ्यावर मात्र शंभरापर्यंतचे कळप पाहिलेले आहेत. जिथे जिथे मोजणी झाली तिथे बहुतेक जागी आकडा काही शेकड्यांच्या पुढे गेलेला नाही. २०१७ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला 'धोक्यात आलेली जात' ठरवले. याचे कारण गोठ्याच्या हिशेबाने सांगतो. आपली गाय तिसऱ्या-चौथ्या वर्षी विते आणि नीट सांभाळली तर वर्ष-दीड वर्षाला वासरू देते. गादीला वयात यायला दहा वर्षे लागतात आणि मग साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू. तो चाळीस वर्षे जगू शकतो हे खरे, पण एक मादी जाळ्यात गेली की तिची जागा भरायला एक दशक जाते. पाण्यात भिंतीसारखी उभी सोडलेली नायलॉनची जाळी हा त्याचा सर्वांत मोठा काळ. मासे तेथे जमतात म्हणून तो जातो, अडकतो, आणि श्वासाला वर येता न आल्याने मरतो. मच्छीमाराचे म्हणणेही ऐकले पाहिजे. गादा जाळे फाडतो, मासळी पळवतो, आणि नवे जाळे काही फुकट येत नाही. रानडुकराने भुईमूग खाल्ला की आपण काय बोलतो ते आठवावे.

कणकुंबीचे पाणी कोठे जाते

खानापूर तालुक्यातल्या लोकांना हे शिकवायला नको. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे, कृष्णेला जाते. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. तेथे तिचे नाव मांडवी. जुने गोवे तिच्याच काठी, पणजी तिच्याच काठी, आणि म्हातारबाबांनी वशिंड पाहिले ते तिच्याच तोंडाशी. पलीकडे तिळारीचे पाणी शापोऱ्याला मिळते. म्हादईचे पाणी कोणाचे, यावर राज्या-राज्यांत खटला चालला आहे, त्यात मी पडत नाही. पण त्या पाण्यातून जे वाहत जाते त्याच्यावर मालकी सांगायला कोणीच पुढे येत नाही.

आता गेल्या जुलैतली गोष्ट. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका शेतात भातावर औषध मारले आणि पंप ओढ्यातच धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या डोहात मळवे आणि इतर बारीक मासळी पांढरी पोटे वर करून तरंगत होती. मुलांनी ती परडीत भरली होती, सुदैवाने आयांनी फेकून दिली. कोणाचे शेत, कोणी पंप धुतला, याची गावात दोन दिवस चर्चा झाली. ते शेत चर्चचे होते, आणि पंप धुणाऱ्या गड्याला 'आधी भांडी धुऊन घे, मग जेव' असे सांगणारा मी होतो. कोठे धूव, हे मी सांगितले नव्हते.

आजची बरीचशी औषधे काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात. ती ओढ्यातले जीव मारतात, पण समुद्रापर्यंत तशीच टिकून पोचतात असे नाही. जुनी औषधे मात्र निराळी. डीडीटी, आणि ज्याला आपण 'गॅमेक्झिन पावडर' म्हणत होतो ती बीएचसी. ही पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, आणि वर्षानुवर्षे मोडत नाहीत. पाण्यातल्या सूक्ष्म जीवात कणभर, ते खाणाऱ्या बारीक माशात त्याहून जास्त, मोठ्या माशात आणखी जास्त, आणि शेवटी चाळीस वर्षे मासेच खाणाऱ्या गाद्याच्या चरबीत सगळ्यांची साठवण. दक्षिण भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मिळालेल्या डॉल्फिनांच्या चरबीची तपासणी करून जपानी व भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत या औषधांचे अंश होते, आणि डीडीटीचे प्रमाण सर्वांत अधिक. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गाद्यांतही तेच आढळले.

आणि येथे त्या स्निग्ध दुधाची गोष्ट परत येते. मादीच्या चरबीत साठलेले विष दुधाच्या चरबीतून बाहेर पडते. त्याचा मोठा हिस्सा पहिल्या पिल्लाला जातो. दहा वर्षे आईने जे साठवले ते पहिलटकरणीचे बाळ काही महिन्यांत पिते. नराला ते बाहेर टाकायची वाटच नाही, म्हणून त्याच्या अंगात ते वयाबरोबर वाढतच राहते.

हे ऐकून आयाबाया घाबरतील, म्हणून लगेच सांगतो. माणसाच्या आईच्या दुधातही आपल्या देशात डीडीटीचे अंश सापडलेले आहेत, पण त्यासाठी बाळाला अंगावर पाजणे मुळीच थांबवू नये. आईच्या दुधाचे फायदे त्या धोक्यापेक्षा फार मोठे आहेत, डॉक्टरांचाही तोच सल्ला आहे. शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झाली, बीएचसी १९९७ साली, एंडोसल्फान २०११ साली. पण दुकानातून गेलेली वस्तू माळ्यावरून गेलेली असतेच असे नाही. गेल्या महिन्यात एका घरी आजारी माणसाला भेटायला गेलो, तर धान्याच्या कणगीमागे गॅमेक्झिनची जुनी पिशवी उंदरांनी कुरतडलेली दिसली. अशी पिशवी कोणाकडे असेल तर ती ओढ्यात, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नये, जाळूही नये, तिचा धूर विषारी असतो. हाताला जाड पिशवी गुंडाळून ती डब्यात घालावी, डबा मुलांपासून व दाण्यापासून दूर ठेवावा, आणि कृषी खात्याच्या माणसाच्या हवाली करावा. पंप व डबे धुतलेले पाणी ज्या शेतात औषध मारले त्याच शेतात पसरून टाकावे. चर्चच्या शेतात आता तसाच नियम आहे.

आणखी एक आरोग्याची सूचना, कारण आपली मुले सुट्टीत किनाऱ्यावर जातात. मेलेला डॉल्फिन वाळूत पडलेला दिसला तर त्याला हात लावू नये, त्याच्याबरोबर फोटो काढण्यासाठी तर मुळीच नाही. गुरांत गर्भपात घडवणारा ब्रुसेला आपल्याला ठाऊक आहे. त्याच गोतातले जंतू समुद्री सस्तन प्राण्यांतही असतात, हे १९९४ पासून माहीत झाले आहे, आणि माणसाला त्यांची लागण होऊ शकते. जिवंत डॉल्फिन वाळूत अडकलेला असेल तर अंगावर ओले फडके टाकून सावली करावी, माथ्यावरच्या भोकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, शेपटी धरून ओढू नये, गर्दी हटवावी आणि वन खात्याला कळवावे.

गादा पाहायला होडीच लागते असे नाही. हिवाळ्यात समुद्र शांत असताना, सकाळी ऊन चढण्याआधी, मांडवीच्या मुखाजवळच्या एखाद्या उंच जागी, आग्वादच्या बाजूला किंवा रेइश मागुशच्या टेकडीवर, तासभर बसावे. पाण्यावर पक्षी घिरट्या घालीत असतील तेथे नजर ठेवावी. आधी चोच वर येते, मग वशिंड कमान करून फिरते, आणि कधी कधी शेवटी शेपटी. मिनिटभर थांबावे, पुन्हा जवळपासच वर येईल. मे महिन्यातल्या सहलीला आपण असेच करणार आहोत, पण तेव्हा वारा असतो, म्हणून पहाटेच निघावे लागेल. नावे फेस्ताच्या आधी मिस्त्रीबाबांकडे द्यावीत.

पुढील अंकी: काजूच्या मोहरावरील ढेकण्या.